माईसाहेब कोमात असताना

कुंदा,

तुझ्या जाण्याने मराठी रंगभूमीवर आणि छोट्या पडद्यावर कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.

हे वाक्य माझं नाही. दादरच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली, तिथे पहिल्या वक्त्याने ते म्हटलं, दुसऱ्याने पुन्हा म्हटलं आणि तिसऱ्याने ‘आधीच्या वक्त्यांनी म्हटल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून तेच म्हटलं. रंगभूमीचं मला सांगता येणार नाही. तिथे पोकळ्या इतक्या आहेत की नवी ओळखू येणं कठीण. छोट्या पडद्यावरची मात्र मंगळवारी भरली. मालिकेतल्या तुझ्या माईसाहेब देवदर्शनाहून परत आल्या, तेव्हा चेहरा दुसऱ्या बाईचा होता. खालून पट्टी सरकत गेली की यापुढे ही भूमिका अमुक अमुक साकारतील. सुनेने वाकून नमस्कार केला, नव्या माईसाहेबांनी ‘सुखी राहा’ म्हटलं आणि जाहिराती लागल्या. बाई बरी आहे. नथ टोचत होती ते दिसत होतं, पण तुलाही पहिलं वर्षभर टोचायची.

शोकसभेत मीही बोलणार होते. आयोजकांनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं, ‘तुमचं आणि कुंदाताईंचं नातं काय म्हणून सांगू?’ मी म्हटलं, ‘भांडण.’ ते म्हणाले, ‘ज्येष्ठ समीक्षक आणि स्नेही असं लिहितो.’ मग पुढाऱ्यांना यायला उशीर झाला, वेळ कमी पडला आणि ज्येष्ठ समीक्षक आणि स्नेही तिसऱ्या रांगेत बसून राहिली. बरंच झालं. आपलं भांडण माइकवरून पुढे नेता आलं नसतं. समोर तुझा म्हणून जो फोटो होता तो माईसाहेबांचा होता: शालू, नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तुझा स्वतःचा फोटो त्यांना मिळाला नाही म्हणे. त्या बाईशी मी काय भांडणार?

विषय एवढाच होता, की तू ती मालिका सोडायला हवी होतीस की नाही. त्याचा निकाल न लावता तू गेलीस. तुझ्या स्वभावाला धरूनच झालं, पण मला ते झेपत नाहीये, म्हणून हे लिहितेय.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. तुझ्या पहिल्या मोठ्या नाटकाच्या परीक्षणात मी तुझ्या कामाला ‘संयत’ म्हटलं होतं. त्याच आठवड्यात तू गिरगावात आमच्या वाडीत आलीस, जिना चढून, वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन.

‘तुम्हीच का त्या समीक्षक? संयत म्हणजे काय?’

‘म्हणजे आवरून केलेलं.’

‘मी काही आवरलं नव्हतं. माझा घसा बसला होता.’

मी चहा टाकला. चहा संपेपर्यंत तुम्हीचं तू झालं होतं, आणि मला मात्र तू पुढे कायम ‘समीक्षक’ म्हणत राहिलीस. बाजारात, रुग्णालयात, परक्या माणसांसमोरही. ‘काय समीक्षक, कोथिंबीर घेतलीस का?’ भाजीवाल्याला अनेक वर्षं ते माझं आडनाव वाटत होतं.

तू करी रोडची. वडील गिरणीत, घर चाळीत, चाळीत सगळे मालवणकडचे. गिरण्या बंद पडत होत्या तेव्हा फाटकांसमोर तू पथनाट्यं केलीस, नंतर बायकांच्या मोर्चांत गेलीस, मग भाडेकरूंच्या. नाटकाची तालीम आणि मोर्चा एकाच दिवशी आले तर तू दोन्हीकडे उशिरा पोचायचीस. मग तुमची चाळच पाडायची ठरली. त्याच जागेवर नवी इमारत होणार, तिच्यात सगळ्यांना घरं मिळणार, आणि तोवर वडाळ्याच्या संक्रमण शिबिरात तात्पुरतं राहायचं. शिबिराला कोणी शिबिर म्हणत नाही, ट्रान्झिट म्हणतात. तात्पुरतं हा शब्द मात्र कचेरीपासून नळापर्यंत सगळे वापरायचे. तात्पुरती वीज, तात्पुरतं छप्पर, तात्पुरती बालवाडी. त्या बालवाडीतल्या पहिल्या तुकडीतल्या मुलींची आता लग्नं झाली आहेत.

करी रोडला विकायच्या घरांचा टॉवर आधी उभा राहिला. त्याच्या वरच्या मजल्यांवरून समुद्र दिसतो म्हणतात. रहिवाशांच्या इमारतीची जागा पत्रे लावून बंद करून ठेवली होती आणि पत्र्यांवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं.

मालिका तुला उतारवयात मिळाली. तोवर रंगभूमीवर तुला सगळ्यांनी मान दिला होता, काम कोणी देत नव्हतं. तुझी माईसाहेब घराघरांत पोचली. सबंध आयुष्यात तू ज्या सासूच्या विरोधात पथनाट्यं केलीस, तीच सासू. प्लायवूडच्या बंगल्यात झोपाळ्यावर बसून तू म्हणायचीस, ‘या घरात माझ्या शब्दाबाहेर कोणी नाही,’ आणि पॅकअप झाल्यावर वडाळ्याला येऊन नळाच्या रांगेत कळशी लावायचीस. मालिकेच्या पैशांत उपनगरात घर घेता आलं असतं. मी तसं म्हटलंही.

‘घेतलं, आणि मी गेले,’ तू म्हणालीस, ‘की ते कचेरीवाले म्हणतील, बघा, जायचं मनात आणलं की जाता येतं. मग बाकीच्यांनी काय करायचं?’

‘मग निदान मालिका सोड. दिवसभर सुनेला व्रतं करायला लावतेस आणि संध्याकाळी हक्कांवर बोलतेस.’

‘दोन्हीकडे बायकाच ऐकतात. तिकडे जरा जास्त ऐकतात.’

‘ही सबब आहे.’

‘असेल. पण मी मालिका सोडली तर मोर्चाला कॅमेरे कोण आणणार? तू? तुझ्या जाड चष्म्याचे फोटो काढायला?’

हे भांडण असंच दर महिन्याला व्हायचं. मी तत्त्व काढायचे, तू व्यवहार काढायचीस, आणि मग आपण दोघी भजी आणायचो. खरं तर तेव्हा आपल्या दोघींनाही ते गंभीर वाटत नव्हतं. दार उघडं आहे हे माहीत असताना खोलीत बसून वाद घालायला मजा येते.

मग ते गाऱ्हाणं झालं.

बिल्डरच्या कचेरीसमोर तुम्ही सगळे जमला होता. काचेचं मोठं दार, आत संगमरवर, बाहेर ट्रान्झिटमधल्या बायका. घोषणांना परवानगी नव्हती, पोलिसांनी आधीच बजावलं होतं. अर्धा तास सगळे गप्प उभे. मग तू पदर खोचलास, हात जोडलेस आणि काचेच्या दाराकडे तोंड करून, गावच्या देवळात नवं काही सुरू करण्याआधी देवाला घालतात तसं, मालवणीत गाऱ्हाणं घालायला सुरुवात केलीस.

‘बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां ह्या काचेच्या दारासमोर उभी आसत रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ बायका म्हणाल्या. ते म्हणायला कोणी शिकवावं लागत नाही. त्यांच्या आज्या-पणज्या म्हणत आल्या आहेत.

‘आत सायेब बसलेले आसत, त्येंका येळ गावना नाय म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

‘तर त्येंका येळ गावांदे, आनी आमका घर गावांदे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

‘आनी ज्येनी आमका तात्पुरते म्हणान वडाळ्याक हाडल्यानी, त्येंका पण म्हयनोभर थंयच तात्पुरते ऱ्हवांक धाड रे म्हाराजा.’

या वेळचा ‘व्हय म्हाराजा’ आतल्या संगमरवरापर्यंत गेला असावा. मागे उभ्या असलेल्या एका हवालदारानेही सवयीने म्हटला आणि मग टोपी सारखी केली.

इन्स्पेक्टर पुढे आला. ‘मॅडम, घोषणा बंद करा.’

‘घोषणा नाही साहेब. देवाला गाऱ्हाणं आहे.’

‘इथे कुठे देव?’

‘ते मला विचारू नका, मी नास्तिक आहे.’

त्याने सगळ्यांना गाडीत बसवलं. तुला नाही. तू स्वतःहून गाडीच्या पायरीवर पाय ठेवलास तर त्याने हात जोडले. ‘माईसाहेब, कृपा करा. आई रोज बघते तुम्हाला. तुम्हाला आत घातलं तर मला घरात घेणार नाही.’

‘अहो, मी कुंदा आहे.’

‘ते आईला कोण समजावणार?’

गाडी गेली आणि तू फुटपाथवर एकटी उरलीस. इतकी वर्षं सत्तेला हैराण करून शेवटी तुझ्यावर अटक न होण्याची वेळ आली. टॅक्सी करून तू पोलीस ठाण्यात गेलीस, तर तिथे तुला खुर्ची, चहा आणि बटाटेवडा. बाकीच्या जणी बाकावर. परबवहिनी, तुमच्या चाळीपासूनच्या शेजारीण, तुझ्या बशीकडे बघून म्हणाल्या, ‘गो बाय, अर्धो तरी हंय धाड.’

तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. अडचण एवढीच होती की ज्या बिल्डरच्या दारात तू गाऱ्हाणं घातलंस, तोच मालिकेचा प्रायोजक होता. रोज आठ वाजता आधी त्याचं नाव यायचं, मग तुझा चेहरा.

तुला काढून टाकतील असं मला वाटलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, भांडणाचा निकाल तिसऱ्याच माणसाने लावला. पण त्यांनी तुला काढलं नाही. काढलं असतं तर प्रेक्षक ओरडले असते. निर्माता, तुला मुलगा शोभेल अशा वयाचा, तुला म्हणाला, ‘ताई, काढत नाहीये. माईसाहेबांना फक्त कोमात टाकतोय. तात्पुरतं.’

हे मला सांगताना ‘तात्पुरतं’वर तू इतकी हसलीस की ठसका लागला. मग म्हणालीस, ‘समीक्षक, पाणी दे.’

माईसाहेब बंगल्याच्या जिन्यावरून पडल्या आणि कोमात गेल्या. करारात एक कलम होतं, भूमिकेच्या प्रतिमेला बाधा येईल असं सार्वजनिक वागायचं नाही, आणि ते आता त्यांनी बाहेर काढलं. ‘ताई, प्रेक्षक तुम्हाला आयसीयूत बघतात आणि मोबाईलवर तुम्ही मोर्चात उभ्या. लोकांचा गोंधळ होतो.’ मध्येच सोडलं तर दंड, आणि तो तुझे साठलेले सगळे पैसे घालूनही भरला नसता. म्हणजे तू रोज जायचं, मेकअप करून घ्यायचा, नळ्या लावून घ्यायच्या, डोळे मिटून पडायचं, आणि बाहेर आलीस तरी कुठे उभी दिसायचं नाही. कोणी तुझं तोंड दाबलं नव्हतं. तुला फक्त झोपवून ठेवलं होतं.

मी सेटवर आले होते, आठवतं? परळच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये तो बंगला उभारला होता. मी विचारलं, ही तुझ्या बाबांची गिरणी का. तू म्हणालीस, ‘नाही, शेजारची. नशीब तेवढं नाटकी नाही.’ मग तू जाऊन पलंगावर आडवी झालीस. सून झालेल्या मुलीने तुझ्या छातीवर डोकं ठेवून रडायचं होतं. तिसऱ्या वेळी दिग्दर्शकाने कट म्हटलं, कारण तू घोरत होतीस. सगळे हसले, तूही हसलीस. चौथ्या वेळेपासून तू घोरली नाहीस, आणि मी खुर्ची पुढे ओढली.

मधल्या सुट्टीत तू म्हणालीस, ‘मेलेल्याचं काम सोपं. श्वास धरला की झालं. पण कोमातल्या माणसाला ऐकू येत असतं म्हणतात. त्याला ऐकू येतंय आणि बोलता येत नाहीये, हे दाखवायचं कसं, काहीही न हलवता?’

‘कसं?’

‘उजव्या हाताच्या अंगठ्यात थोडा ताण ठेवते. कॅमेऱ्याला दिसत नाही. पण मला माहीत असतं.’

ट्रान्झिटमध्ये त्या दिवसांत काय झालं ते तूच मला सांगितलंस. बायकांनी मारुतीच्या देवळात माईसाहेब शुद्धीवर याव्यात म्हणून गाऱ्हाणं घातलं. तू तिथेच चटईवर बसली होतीस. तू त्यांना म्हणालीस, अगं, मी ही इथे बसलेय ना. परबवहिनी म्हणाल्या, ‘तुका काय झाला नाय ता माका म्हायत आसा. पण ती बाय उठाक व्हयी. तिचो आवाज इल्याशिवाय तुझो येवचो नाय.’

मग तूही ‘व्हय म्हाराजा’ म्हणालीस. आयुष्यभराची नास्तिक, स्वतःच्याच तब्येतीसाठी.

स्ट्रेचरची कल्पना तुझी. माझ्या स्वयंपाकघरात, कराराला त्यांनी नंतर जोडलेलं पत्र पुढ्यात घेऊन, लसूण सोलता सोलता तू म्हणालीस, ‘इथे लिहिलंय, कोमात असेपर्यंत सार्वजनिक ठिकाणी हिंडताना-फिरताना दिसायचं नाही. आडवं दिसायचं नाही असं कुठे आहे?’

मी म्हटलं, हा पोरकटपणा आहे. अजूनही मला तो पोरकटपणाच वाटतो, फक्त आता त्याबद्दल आदरही वाटतो.

ट्रान्झिटमधल्या माणसांनी तुला स्ट्रेचरवर घालून, पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढून, त्या कचेरीसमोर आणून ठेवलं जिथे इमारतींच्या परवानग्या अडकून पडतात. मी समोरच्या फुटपाथवर झाडाखाली उभी होते. तू डोळे मिटून पडली होतीस. येणारे-जाणारे थांबायचे, कोणी चपला काढायचे. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, ‘कधी गेल्या?’

‘जावक नाय, कोमात आसा,’ परबवहिनी म्हणाल्या.

‘मग इस्पितळात न्या की.’

‘न्हेतलों. पण डिस्चार्ज दिल्यार हाडूची खंय, ता आधी सायबांका विचारतों.’

तो प्रश्न वर साहेबांपर्यंत गेला. साहेब खाली आले, कारण साहेबांच्या घरीही टीव्ही होता. ते वाकून म्हणाले, ‘माईसाहेब, उठा, आपण चर्चा करू.’ तू उठली नाहीस. त्यांनी कुंदाताई म्हणून पाहिलं. तू उठली नाहीस. नाकावर माशी बसली, ती चालत ओठापर्यंत गेली, आणि तू हलली नाहीस. सूर्य झाडाच्या या बाजूने त्या बाजूला गेला. मी तुझं सगळं काम बघितलंय, कुंदा. ज्या भूमिकेसाठी तुला ढाल मिळाली तीही, आणि जी फक्त आठ माणसांपुढे केलीस तीही. पण एवढ्या लांबून, रस्ता ओलांडून, एका पडून राहिलेल्या बाईचं ऐकणं मला दिसत होतं, असं पुन्हा कधी झालं नाही. मला तुझा अंगठा दिसणं शक्य नव्हतं. तरी मी त्याच्याकडेच बघत होते.

कचेरी बंद व्हायच्या आधी साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की करी रोडला रहिवाशांच्या इमारतीचा पाया खणायला सुरुवात होईल. तुला उचलून आणलं. माझ्या घरी आल्यावर तू स्ट्रेचरचा ठसा उमटलेली पाठ चोळत विचारलंस, ‘काय समीक्षक, कसं झालं?’

मी म्हटलं, ‘संयत.’

तू पायातली चप्पल काढून दाखवलीस. आपण तेवढ्यावरच थांबलो. ते तुझं सर्वांत मोठं काम होतं, हे मी कुठे लिहिलं नाही. माझं वर्तमानपत्र तोवर बंद पडलं होतं, आणि स्ट्रेचरवरच्या कामाचं परीक्षण कुठल्या सदरात बसतं कोणास ठाऊक. तोंडाने सांगायला पुढे वेळ होता, असं वाटत होतं.

पाया खरंच खणला. त्या दिवशी सगळे ट्रान्झिटवाले पत्र्यांच्या फटींतून बघत होते. परबवहिनींनी पेढे आणले होते. आणि त्याच महिन्यात तुला नाटक आलं.

त्याबद्दल तू मला फोनवर सांगितलं नाहीस, घरी आलीस. मोठी भूमिका, तुझ्या वयाची, एकही दागिना नाही. तालमी दादरला. नाटकाचे निर्माते मालिकेच्या दंडाचंही बघून घेणार होते. तू चहा घेतला नाहीस. म्हणालीस, ‘मला सोडायची आहे गं मालिका.’

इतक्या वर्षांत हे वाक्य तू पहिल्यांदा म्हणालीस. मी जिंकले होते. मी म्हटलं, ‘मग सोड.’

‘वहिनींना विचारते.’

‘त्यांना कशाला? करार तुझा आहे.’

‘विचारते,’ तू म्हणालीस.

मीही आले होते तुझ्याबरोबर वडाळ्याला. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. तू सगळं सांगितलंस, नाटकाचं, भूमिकेचं. त्या ऐकत राहिल्या. मला वाटतं त्यांना ‘जा’ म्हणायचं होतं. त्या तुझ्याकडे बघत होत्या तेव्हा तसं दिसलं. पण आजूबाजूच्या दारांतल्या बायकाही कामं थांबवून ऐकत होत्या.

‘नाटक बरां आसात,’ वहिनी म्हणाल्या. ‘पण बाय, पायो खणलो, भिंती होवच्या आसत. तू टीव्हीर नसलंस तर तो सायेब परत खाली येतलो?’

तू म्हणालीस, ‘नाही येणार.’

‘मगे?’

आपण उठून बसस्टॉपकडे निघालो. बस आली तेव्हा एवढंच म्हणालीस, ‘भिंती होईपर्यंत. तात्पुरतं.’ या वेळी हसली नाहीस. नाटक दुसरीला मिळालं. मी पाहिलं, चांगलं होतं, आणि मी मध्यंतरात उठून आले.

भिंती झाल्या नाहीत. बिल्डर आणि त्याचा भागीदार कोर्टात गेले आणि काम थांबलं. माईसाहेबांना मध्यंतरी शुद्धीवर आणलं होतं, पण वाचा गेलेल्या अवस्थेत. त्यामुळे तुला उभं राहता येऊ लागलं, पण बोलायचं नव्हतं. प्रायोजक बदलला त्या आठवड्यात वाचा परत आली. वैद्यकशास्त्रात अशी केस नोंदलेली नसावी. तोवर तू थकली होतीस. पोट दुखतं म्हणायचीस आणि सेटवर जायचीस, कारण सगळं थांबलेलं असताना तू तेवढी चालू होतीस, आणि ट्रान्झिटमध्ये सगळ्यांची भिस्त तुझ्या चालू असण्यावर होती. तू त्यांच्यावर कधी चिडली नाहीस. मी चिडायचे. ‘त्यांनी तुला अडकवलं,’ असं मी एकदा म्हटलं, तर तू म्हणालीस, ‘अगं, ते बाहेर फिरतायत का? आम्ही एकाच खोलीत आहोत.’

परळच्या रुग्णालयात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटचं शुद्धीतलं बोलणं माझ्याशी झालं याचा मला अभिमान वाटावा की नाही, कळत नाही. तू विचारलंस, ‘सोडायला हवी होती का गं?’

मी म्हटलं, ‘आधी बरी हो. मग भांडू.’

‘नाही, सांग.’

मी सांगायला तोंड उघडलं, आणि नर्स तुझं ब्लडप्रेशर बघायला आली. तिने तुझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, ‘तुम्ही माईसाहेब ना?’ तू मान हलवलीस. हो म्हणून. इतक्या वर्षांत मी तुला ते कबूल करताना कधी पाहिलं नव्हतं. बहुतेक वाद घालायची ताकद उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तू खरोखरच कोमात होतीस. नळ्या, तसाच पलंग, तशीच चादर. परबवहिनी तुझ्या कानाशी वाकून नळाला पाणी कधी आलं, कोणाकडे काय झालं ते सांगत होत्या, नेहमीच्या आवाजात. मी ‘कुंदा, मी आलेय’ एवढंच म्हणाले. मग मी तुझा उजवा हात हातात घेतला आणि अंगठा दाबून पाहिला. तो सैल होता. तू काम करत नव्हतीस, हे मला त्यावरून कळलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण मला आधीच कळलं होतं.

उत्तर अजून माझ्याकडेच आहे. तेव्हा नर्स आली नसती तर मी ‘हो, सोडायला हवी होती’ म्हणाले असते. आता त्या कचेरीसमोरचा दिवस आठवला की तसं म्हणवत नाही. आणि ते दादरचं नाटक आठवलं की नाही म्हणवत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, समीक्षक, ठरव काय ते एकदा, चहा गार होतोय. माझं ठरत नाही. तू मला वाद घालायला जी जागा दिलीस, ती इतकी वर्षं माझी मोकळी हवा होती हे मला ठाऊक होतं. तुझ्यासाठी ती तेवढीच मोकळी होती का, हे मी कधी विचारलं नाही.

शोकसभेत ट्रान्झिटची माणसं मागे उभी होती. खुर्च्या निमंत्रितांना होत्या. मालिकेतली सून खरोखर रडली, ग्लिसरीनशिवाय. तिला मी नंतर जवळ घेतलं. पुढारी आले, पुष्पचक्र वाहिलं, आणि बोलायला उठले तेव्हा मागून परबवहिनींनी विचारलं, ‘सायबानु, चावी कधी गावतली?’

आयोजक धावले. ‘मावशी, हा प्रसंग नाही.’

‘मगे प्रसंग खंयचो? तिच्या म्हयन्याच्या श्राद्धाचो?’

पुढाऱ्याने हातानेच आयोजकांना थांबवलं. तो अनुभवी माणूस आहे. त्याने जाहीर केलं की करी रोडच्या त्या इमारतीला कुंदाताईंचं नाव देण्यात येईल, आणि सभेने इथेच तसा ठराव करावा. टाळ्या झाल्या. सगळ्यांनी हात वर केले. परबवहिनींनीही केला. बाहेर पडताना मी त्यांना विचारलं, तुम्ही का केलात. त्या म्हणाल्या, ‘नाव दिल्यानी म्हणजे बांदूची लागतली.’

मी काल करी रोडला जाऊन आले. पाया आहे तेवढाच आहे. त्यात पाणी साठलंय, आणि डास होऊ नयेत म्हणून पालिकेच्या माणसांनी त्यात गप्पी मासे सोडलेत. वॉचमन म्हणाला, चांगले वाढलेत.